आबांचं अर्धं वाक्य

फार बोलणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग आहे. का आहे, ते मी तासभर न थांबता सांगू शकते. हा विनोद माझ्या नवऱ्याचा. गेली वीस वर्षं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर तो हाच एक विनोद करतो आणि त्याचाही मला राग येतो.

पण माझा राग उगाच नाही. माझं माहेर खुटबावचं, दौंड तालुक्यातलं. माझे वडील हौसराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, बोलण्यासाठीच नावाजलेले. सोसायटीचे दोनदा चेअरमन. आमच्या भागात कुणी गेलं की दहाव्याला नदीकाठी मांडव पडतो, प्रवचन होतं आणि मग पुढारी माइकवर एकामागून एक श्रद्धांजली वाहतात. आबा बोलल्याशिवाय दहावा झाल्यासारखा वाटत नसे. गेलेल्या माणसाला ते ओळखत असोत वा नसोत, वीस मिनिटं पक्की. डोक्याचा गोटा केलेली पोरं बसून कंटाळलेली, बायका पदरानं घाम पुसतायत, आणि आबा सांगतायत की माणसानं जगावं कसं. घरी आले की तेच. जेवताना आबा बोलणार, आम्ही खाणार. आईनं तर पंचेचाळीस वर्षं ‘व्हय’ आणि ‘वाढू का’ एवढ्यावरच संसार केला.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा पुण्याला नर्सिंगला माझा नंबर लागला. त्याच आठवड्यात शिरूरचं स्थळ आलं. बैठकीच्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, “आबा, मला...” आबा म्हणाले, “तू आत जा, पाहुण्यांना पाणी बघ.” संपलं. मी आत गेले, पाणी बघितलं, आणि दीड महिन्यात माझं लग्न झालं. नवरा वाईट निघाला नाही, हे माझं नशीब. त्यात आबांचं काही कर्तृत्व नाही.

आता मी रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर लाइन लीडर आहे. तीस बायका माझ्या हाताखाली. मशिनच्या आवाजात बोलून बोलून माझा आवाज असा झालाय की शेजारणी म्हणतात, तुमच्याकडे आज काय भाजी आहे ते आम्हाला घरात बसून कळतं. कळू दे. एकोणीस वर्षं गप्प बसले होते, ती भरपाई चालू आहे.

मागच्या श्रावणात आबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. हातपाय हळूहळू हलायला लागले, पण बोलणं काही पहिल्यासारखं झालं नाही. डोकं शाबूत आहे. माणसं ओळखतात, पेपर वाचतात, सोसायटीच्या निवडणुकीत कोण पडणार तेही त्यांना कळतं. फक्त शब्द तोंडाशी यायला वेळ लागतो. एक शब्द येतो, मग लांबलचक थांबणं, मग दुसरा. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, “त्यांना शब्द सुचवू नका. कितीही वेळ लागला तरी वाक्य त्यांचं त्यांना पुरं करू द्या.” आम्ही माना डोलावल्या. घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी मिळून आबांची वाक्यं पुरी करायला घेतली.

सगळ्यात पुढे आई. मुक्ताबाईंचं पंचेचाळीस वर्षांचं साठलेलं होतं.

“आज...” आबा म्हणाले.

“आज सोमवार हाय,” आई म्हणाली.

आबांनी मान हलवली. “आज...”

“दूध कमी आलंया, व्हय. म्हस आटली.”

“आज...”

“आंघूळ सकाळीच झाली की वो तुमची.”

आबांनी डोळे मिटून घेतले. प्रांजल आज किती वाजता येणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

माझा थोरला भाऊ विक्रमदादा आणखी वरचा. तो शब्दाचीही वाट बघत नसे. आबांनी नुसतं तोंड उघडलं की हा सुरू. “आबांचं म्हणणं असं हाय...” आणि पुढे सगळं स्वतःचं. बोअर कुठं घ्यायची, गोठ्यावर पत्रा कुठला टाकायचा, सगळं आबांच्या नावावर ठरलं. आबा बाजूला बसून त्याच्याकडे बघत राहायचे. बापाचा वारसा कुणाला मिळालाय ते लांबून दिसत होतं.

मी पंधरा दिवसांनी शिरूरहून जायचे आणि हे बघून माझं डोकं फिरायचं. आईला ओरडायचे, दादाला ओरडायचे. “त्यांना बोलू द्या की जरा,” हे मी इतक्या मोठ्यानं सांगायचे की आबा जे काही बोलत असतील ते राहूनच जायचं.

घरात एकटी प्रांजल त्यांच्याजवळ शांत बसायची. प्रांजल म्हणजे दादाची मुलगी, माझी भाची. बावीस वर्षांची, पुण्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. खुटबाव स्टेशनवरून सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळी येते. तिला नर्सिंगला मीच घातली. दादाशी आठ दिवस भांडून घातली. ती घरी आली की हातपाय धुऊन आबांच्या खुर्चीशेजारी बसायची आणि त्यांचा उजवा हात मांडीवर घेऊन बोटं चोळायची. मी एकदा विचारलं, काय बोलता गं तुम्ही एवढं?

“आबा सांगतात, मी ऐकते,” ती म्हणाली. “कधी मी सांगते, ते ऐकतात.”

आबा ऐकतात. मला हसू आलं. सक्तीनं ऐकतायत बिचारे, असं म्हणून मी सोडून दिलं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी आईचा फोन आला. प्रांजलचं जमतंय. न्हावऱ्याचं स्थळ, मुलगा महेंद्र, रांजणगावला कंपनीत पर्मनंट. बाप नाही, चुलते बघतात सगळं. मुलाच्या आईचं मध्ये ऑपरेशन झालंय. माणसं चांगली हायेत. येत्या रविवारी बैठक, सुपारी फोडायची हाय.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पोरीची परीक्षा जूनमध्ये. चार महिने राहिले आणि ह्यांना सुपारी फोडायची घाई. मी दादाला फोन लावला. तो बोलत होता, मी बोलत होते, दोघंही एकाच वेळी. वीस मिनिटांनी फोन ठेवला तेव्हा त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नव्हतं आणि मी काय सांगितलं ते त्याला. मग संध्याकाळी प्रांजलचाच फोन आला.

“आत्या, मला तुला एक सांगायचंय.”

“मला माहीत आहे तुला काय सांगायचंय,” मी म्हणाले. आणि मी तिला समजावलं. घाबरू नकोस म्हटलं. माझ्या बैठकीची सगळी गोष्ट सांगितली, नर्सिंगचं पत्र कसं आलं, आबा काय म्हणाले, मी त्या रात्री किती रडले. तुझं तसं होऊ देणार नाही म्हटलं. आत्या आहे तुझी, मेलेली नाही अजून. ती मध्ये एकदा “पण आत्या...” म्हणाली. मी म्हटलं, पण नाही आणि बिण नाही. शेवटी ती “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला. केवढुसा आवाज झाला होता पोरीचा. मला भडभडून आलं.

गुरुवारी तिनं पुन्हा फोन केला. मी लाइनवर होते, मशिन चालू. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, रविवारी मी येतेय, तू फक्त गप्प उभी राहा, बोलायचं माझ्यावर सोड. शनिवारी तिसऱ्यांदा केला. तेव्हा मी नवऱ्याशी भांडत होते, कारण तो म्हणत होता, तुझ्या माहेरच्या बैठकीत तू पडू नकोस. मी फोन घेतला आणि तिलाच सांगितलं की बघ, तुझा काका काय म्हणतोय ते. तिनं बघितलं असेल.

रविवारी सकाळी नऊला मी खुटबावात. अंगणात खुर्च्या, बैठकीच्या खोलीत सतरंज्या आणि लोड, स्वयंपाकघरात वहिनी शिऱ्याला रवा भाजतेय. प्रांजलनं फिकट हिरवी साडी नेसली होती. मला बघून ती लगेच उठली.

“आत्या, दोन मिनिटं मागं येतेस?”

“काही सांगू नकोस,” मी तिचा गाल धरून म्हणाले. “तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतंय मला.”

तेवढ्यात आबांनी हाक मारली. हाक म्हणजे काय, खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. मी जवळ गेले. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. त्या हातात अजून जोर आहे.

“सविता... ऐक.”

झालं. तेवीस वर्षांचा राग एका शब्दावर वर आला. “आता ऐकायचं?” मी म्हणाले. “जन्मभर तुमचंच ऐकलं की आम्ही. दुसऱ्यांच्या मयतीलासुद्धा तुमचंच ऐकलं. मी दोन शब्द बोलले होते तुमच्यासमोर, त्यापुढचा तिसरा तुम्ही ऐकला नाहीत, आणि आता मला म्हणताय ऐक.” आबा माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते. मी मनगट सोडवून घेतलं आणि आत गेले. मला छान वाटलं, खोटं कशाला सांगू. एवढी वर्षं वाट बघितली होती मी ते बोलण्याची.

अकराला पाहुणे आले. दोन गाड्या, बारा माणसं. पुरुष बाहेर सतरंजीवर बसले. बायका आत माजघरात, त्यात मुलाची आई अनसाबाई. बारीक अंगाची, ऑपरेशनमुळे हळू चालणारी बाई. मुलगा महेंद्र खाली मान घालून चुलत्यांच्या शेजारी. एकदाही मान वर नाही. मला तेवढ्यावरच त्याचा राग आला. बाहेर देण्याघेण्याचं, मानपानाचं, तारखेचं बोलणं चाललं होतं. मी तेव्हा स्वयंपाकघरात वहिनीला ऐकवत होते की आई असून तू गप्प कशी बसतेस. वहिनी काहीतरी सांगायला बघत होती. शिरा खाली लागला म्हणून ती तिकडे वळली.

मग आबांची पाळी आली. आमच्या भावकीत घरातल्या वडीलधाऱ्यानं तोंडानं होकार दिल्याशिवाय सुपारी फुटत नाही. मान डोलावून चालत नाही, सगळ्यांना ऐकू येईल असं बोलावं लागतं. दादानं आबांची खुर्ची मधोमध आणली.

“आबा,” मुलाचे चुलते हात जोडून म्हणाले, “आमचं सगळं ठरलं. आता तुमचा शब्द हुं द्या.”

आबांनी डावा हात वर केला. सगळे थांबले.

“पोरीला...” आबा म्हणाले.

आबांचा ओठ थरथरत होता.

“पोरीला काय कमी पडू देणार न्हाई आम्ही, आबा,” चुलते म्हणाले.

आबांनी मान हलवली. “पोरीला...”

“आबांचं म्हणणं असं हाय,” दादा सुरू झाला, “की पोरीला सासर जवळ असावं, म्हंजी येणंजाणं...”

“गप्प बसा सगळे,” मी म्हणाले. मी दारात येऊन उभी राहिले होते. तेच दार. “कुणी मध्ये बोलायचं नाही. आबांना त्यांचं वाक्य पुरं करू द्या.”

माझ्या आवाजानं सगळे गप्प झाले. पाहुण्यांतला एक जण चहा पीत होता, त्यानं कप खाली ठेवला. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. त्यांना बरं वाटलं असावं, आता ते कळतं. “पोरीला...” ते पुन्हा म्हणाले आणि शब्द शोधायला लागले. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. एक क्षण गेला, दोन गेले. एवढी परकी माणसं माझ्या बापाच्या तोंडाकडे बघत होती. मला ते सहन झालं नाही.

“पोरीला विचारा,” मी म्हणाले. “हेच म्हणायचंय आबांना. पोरीला कुणी विचारलंय का? मी सांगते, नाही विचारलं. ह्या घरात विचारायची पद्धतच नाही. तेवीस वर्षांपूर्वी मला विचारलं नव्हतं, आज हिला विचारलं नाही. तिला हे लग्न करायचं नाही. तिची परीक्षा आहे. तिला नोकरी करायचीय.”

“ताई,” चुलते म्हणाले, “आम्ही काय पोरगी पळवून न्यायला आलो न्हाई. तारीख तर...”

“तारखेचं मला सांगू नका. मला सगळं कळतं. तुम्हाला शिकलेली सून पाहिजे, पण कशाला? घरात सासूचं दुखणं आहे. फुकटची नर्स मिळतेय, म्हणून आलाय तुम्ही.”

हे बोलले मी. अजून आठवलं की कान तापतात. आबा खुर्चीच्या हातावर जोरजोरात थापा मारत होते. मला वाटलं, शाबासकी देतायत.

आत माजघरात ताटली खाली ठेवल्याचा आवाज झाला. अनसाबाई भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दिराला म्हणाल्या, “चला भाऊजी.” बारा माणसं उठली. दादा एकेकाच्या पुढे हात जोडत गाड्यांपर्यंत धावला. महेंद्रनं तेवढ्यात पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्या पाठीमागे बघितलं. मी वळले. प्रांजल उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“झालं,” मी तिला म्हणाले. “सुटलीस.”

गाड्या निघून गेल्या. खोलीत सतरंज्या, लोड, अर्धे प्यालेले कप. आणि त्या रिकाम्या खोलीत आबा बोलले. कुणाचीच मध्ये बोलायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांना पुरतं बोलता आलं.

“पोरीला... पसंत... हाय.”

मी ते ऐकलं आणि मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. मी प्रांजलकडे बघितलं.

“तीनदा फोन केला, आत्या,” ती म्हणाली. ओरडली नाही. “तीनदा. आज सकाळी मागं बोलवत होते.”

मग तिनं सांगितलं. तिथंच उभ्या उभ्या, चार वाक्यांत. अनसाबाई पुण्याच्या दवाखान्यात बारा दिवस होत्या, त्या वॉर्डात हिची ड्यूटी होती. महेंद्र आईजवळ बसायचा. तिथं ओळख झाली, वर्ष झालं त्याला. अनसाबाईंनाही ती आवडली होती, म्हणून त्यांनीच मध्यस्थ घालून हे स्थळ रीतसर खुटबावला पाठवलं. कारण पोरीनं स्वतः बघितलेलं आहे हे कळलं असतं तर दादानं तिथल्या तिथं मोडलं असतं. लग्न जूनअखेर, परीक्षा झाल्यावर. नोकरी शिरूरला. हे सगळं आज बाहेर ठरलं होतं, मी आत वहिनीला ऐकवत होते तेव्हा.

“घरात फक्त आबांना माहीत होतं,” प्रांजल म्हणाली. “त्यांच्यानंतर तुला सांगायचं ठरवलं होतं मी. म्हटलं, आत्याला कळेल.”

दादा अंगणातून आत आला होता. त्यानं दारातूनच सगळं ऐकलं होतं. त्याचा आवाज चढायला लागला तशी आबांनी थाप मारली, एकच, आणि तो गप्प झाला. पोरीनं स्वतः बघितलं म्हणून तो भडकला असता, पण माझा राग त्याला जास्त आला होता. “तुझ्या तोंडाला कुलूप लावायला पायजे,” एवढंच म्हणाला. आई पदर तोंडाला लावून रडत होती. माझ्याकडे बोलायला चिक्कार होतं. मला प्रांजलला सांगायचं होतं की मी तुझ्या भल्यासाठीच केलं. हेच आबाही म्हणाले असते तेवीस वर्षांपूर्वी. ते आठवल्यावर माझा मलाच असा काही संताप आला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. सकाळी आबांनी दादाला “गाडी” म्हटलं, थोड्या वेळानं “न्हावरं” म्हटलं, आणि मग बराच वेळ घेऊन माझ्याकडे बोट केलं. मलाही यायचं होतं, तोंड दाखवायला.

चौफुल्यावरून निघालो, पारगावचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यात शिरलो, अकराला न्हावऱ्याला पोचलो. आबांना दोघांनी धरून अंगणातल्या खुर्चीवर बसवलं. अनसाबाई बाजेवर बसल्या होत्या. महेंद्र पहिल्या शिफ्टला गेला होता. चुलते दाराला टेकून उभे. कुणी पाणी विचारलं नाही.

अनसाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि सुरुवात केली.

“मी फुकटची नर्स शोधायला आले हुते, व्हय? बारा दिवस त्या पोरीनं माझं डोस्कं इंचरलं, ड्यूटी संपल्यावर. पैशे देऊन ठेवलेल्या बाईनं केलं न्हाई ते केलं. मी तवाच ठरवलं हुतं, हिला घरात आणली तर भाकरी मी थापीन, हिला हात लावू द्यायची न्हाई. आन् तुमी बारा माणसांत माझं दुखणं काढलं.”

त्या अर्धा-पाऊण तास बोलल्या. काही खरं होतं, काही अजिबात खरं नव्हतं. आमच्या घराण्याला मिजास आहे म्हणाल्या, माझ्या सासरी माझं कोण ऐकून घेतं ते बघायला पाहिजे म्हणाल्या, दादानं हुंड्याचं सूचक बोलणं काढलं होतं म्हणाल्या, जे तद्दन खोटं. प्रत्येक वाक्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं. जिभेच्या टोकावर येऊन बसायचं. मी मांडीखाली हात दाबून बसले. दोनदा दादानं “तसं न्हाई ताई” म्हणून तोंड उघडलं, दोनदा मी त्याचा गुडघा दाबला. मधेच कधीतरी त्या बाईचा आवाज बदलला. नवरा गेल्यापासून बैठकीत आपल्या बाजूनं बोलायला कुणी नसतं, ते सांगायला लागल्या. तो राग माझ्यावरचा नव्हता. मी मध्ये बोलले असते तर तो मला कधीच ऐकू आला नसता.

“माफ करा,” त्या थांबल्यावर मी म्हणाले. त्यापुढे काही जोडलं नाही.

मग आबांनी हात वर केला.

“चूक...” आबा म्हणाले.

चुलते काही बोलणार होते. अनसाबाईंनीच त्यांना हातानं थांबवलं.

“आमची.”

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागच्या ट्रॉल्या गेल्या, आवाज लांब जाऊन विरला. आबा शब्द शोधत होते. मला तो शब्द माहीत होता. निदान मला वाटत होतं की माहीत आहे. मी खाली मातीकडे बघत बसले.

“पोरगी... तुमची.”

सगळ्या पंचक्रोशीत भाषणं ठोकलेल्या माणसाचं हे भाषण. चार शब्द. अनसाबाईंनी डोळ्याला पदर लावला, उठल्या, आणि आत जाऊन चहा टाकला. चुलत्यांनी पंचांग मागवलं. गुरुवारी सुपारी फोडायचं ठरलं.

दुपारी घरी पोचलो तेव्हा प्रांजल ओट्यावर बसली होती. ती पुण्याला गेली नव्हती. दादानं गाडीतून उतरतानाच सगळं सांगायला सुरुवात केली, पहिल्यापासून, स्वतःचं बरंचसं घालून. तिनं मधलं काही ऐकलं की नाही कुणास ठाऊक, ‘गुरुवार’ ऐकलं. ती उठली, आबांच्या गळ्यात पडली, त्यांना धरून आत नेऊन बसवलं. मग पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मला दिला.

“बस ना,” मी म्हणाले.

ती बसली.

“सांग मला,” मी म्हणाले. “महेंद्रचं. कसा आहे, काय म्हणतो, पहिल्यांदा काय बोलला. सगळं सांग. मी एक शब्द मध्ये बोलणार नाही.”

आणि मी खरंच थांबले. दादा आत गेला. आई भाकरीला बसली, तिचा थापण्याचा आवाज येत होता. मी थांबले, आणि आणखी थांबले.

“ते तेव्हा सांगायचं होतं, आत्या,” प्रांजल म्हणाली. “तेव्हा ते माझं एकटीचं होतं. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. आता सगळ्या गावाला माहीत आहे.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला जमलं असतं. रागाला मी उत्तर देऊ शकते, माझा जन्म त्यात गेलाय. ती साधंच बोलली, वेळ निघून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलतात तसं.

“जेवायला बसतेस ना?” तिनं विचारलं. मी मान डोलावली. ती रिकामा तांब्या घेऊन आत गेली, आबांच्या खुर्चीशेजारी बसली आणि त्यांचा हात मांडीवर घेतला. थोड्या वेळानं ती त्यांना हळू आवाजात काहीतरी सांगायला लागली. ओट्यावरून मला शब्द कळत नव्हते. मी उठून जवळ गेले नाही.